पाठकोरे फोटो
(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवांत घरगुती छायाचित्रणावर झालेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या व्याख्यानमालेंत आम्हीं घरगुती छायाचित्रणावर चार शब्द बोलावेत अशी समितीनें आज्ञा केली, तेव्हां विषय कांहींसा हलका आहे असें कित्येकांस वाटलें असेल. धर्मग्रामाचा इतिहास, शाळेची प्रगति, पतपेढीचें कार्य अशा भारदस्त विषयांच्या पंक्तींत सहलींचे आणि सणासमारंभांचे फोटो हा विषय म्हणजे थोरामोठ्यांत चुकून येऊन बसलेल्या पोरासारखा दिसतो. परंतु थोडा विचार केला म्हणजे असें आढळून येतें कीं, आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं बखरी नाहींत, वंशावळी नाहींत, आजोबांनीं लिहून ठेवलेली रोजनिशी नाहीं. देवळाच्या दफ्तरांत बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यु यांच्या तीन तारखा मिळतात. त्या तीन तारखांच्या दरम्यान जें आयुष्य गेलें, त्याचा पुरावा घरांत कोठें उरला असेल तर तो ट्रंकेच्या तळाशीं पडलेल्या चार फोटोंत उरलेला असतो. म्हणून हा विषय आम्ही हलका समजत नाहीं.

आरंभींच एक गोष्ट सांगून ठेवतों. कॅमेरा कोणता घ्यावा, कोणत्या दुकानांतून घ्यावा, हें सांगण्यासाठीं आम्ही येथें उभे नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, घरच्या हौशी माणसानें फोटो काढला म्हणजे अर्धें काम झालें. त्यांत कोण आहे, तो कोठला आहे, केव्हांचा आहे, हें लिहून ठेवण्याचें दुसरें अर्धें काम आपल्या बहुतेक घरांत व्हावयाचें राहिलें आहे. आणि तें काम करूं शकणारीं माणसें आपल्यांतून एकेक करून उठून चाललीं आहेत.

घराघरांत फोटो निघूं लागले ही गोष्ट फार जुनी नाहीं. फ्रान्समध्यें दागेर यानें आपली छायाचित्रणाची रीति जगापुढें मांडली ती १८३९ सालीं. त्यानंतर पंधराच वर्षांनीं, म्हणजे १८५४ सालीं, मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित छायाचित्रकारांत गणले जात. परंतु कांचेच्या जड पट्ट्या, औषधांच्या बाटल्या आणि काळोखी खोली एवढा संसार मांडल्यावांचून तेव्हां फोटो निघत नसे. म्हणून ती विद्वानांची व सधनांचीच हौस होती. १८८८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें “कोडॅक” नांवाचा पेटीसारखा कॅमेरा विकावयास काढला. त्याची किंमत २५ डॉलर असून आंत १०० फोटोंची फिल्म भरलेली असे. ती संपली म्हणजे कॅमेराच कारखान्यास परत पाठवावयाचा असे. पुढें १९०० सालीं त्याच कंपनीनें “ब्राउनी” नांवाची पुठ्ठ्याची पेटी अवघ्या एका डॉलरला आणली, आणि मुलांनाहि हाताळतां येईल अशा त्या पेटीनें ही विद्या दुकानांतून घरांत आली.

आपल्या गांवांत ती पोहोंचण्यास मात्र पुष्कळ काळ लागला. तोंवर फोटो म्हणजे स्टुडिओ, आणि स्टुडिओ म्हणजे लग्न. मागें जिन्याचें व बगीचाचें चित्र रंगविलेला पडदा, बाजूस लांकडी तिवईवर फुलदाणी, नवरदेवाच्या अंगांत कदाचित् मित्राचा कोट, आणि दोघांच्याहि चेहऱ्यावर श्वास कोंडल्यासारखा भाव. त्या फोटोंची आम्ही थट्टा करीत नाहीं. आयुष्यांत एकदांच कॅमेऱ्यासमोर उभें राहावयाचें होतें. माणूस गंभीर होणारच.

कांहींच्या वांट्याला तेंहि आलें नाहीं. आपल्या कित्येक घरांत वडील माणसाचा एकुलता एक फोटो आहे, आणि तो शवपेटीभोवतीं सारें कुटुंब उभें करून घेतलेला आहे. नव्या पिढीच्या मुलांना तो पाहून दचकायला होतें, आणि कांहीं घरांतून तो भिंतीवरून उतरून माळ्यावर गेलेलाहि आहे. आमची विनंति आहे कीं, त्याकडे पुन्हां एकदां पाहावें. जिवंतपणीं त्या माणसासाठीं फोटोवाल्याला बोलावण्याची ऐपत झाली नाहीं, किंवा सवड झाली नाहीं. आणि तें माणूस गेल्यावर घरच्यांच्या मनांत एकच भय उभें राहिलें, कीं मातीखालीं गेल्यावर हा चेहरा आपल्याला पुन्हां दिसावयाचा नाहीं. म्हणून त्या दुःखांतहि कोणीतरी सायकल काढून फोटोवाल्याला आणावयास धांवला. त्या फोटोंत प्रेत आहे हें खरें. परंतु भोवतीं उभ्या असलेल्या मंडळींची माया त्याहूनहि अधिक आहे.

पुढें घरांत कॅमेरा आला. आपल्या वयस्कर मंडळींना आठवतो तो बहुधा बडोद्याच्या कारखान्यांत तयार होणारा आग्फाचा “क्लिक थ्री”. त्यांत १२० नंबरचें रीळ घालावें, बारा चौकोनी फोटो निघावेत. उजेड भरपूर पाहिजे, सूर्य काढणाराच्या पाठीशीं पाहिजे, माणसें सात-आठ हात दूर उभीं पाहिजेत, आणि दाबतांना हात हलतां कामा नये; एवढे नियम पाळले म्हणजे शाळेंतल्या पोरालाहि फोटो साधे. उटीच्या सरकारी कारखान्यांत १९६७ सालापासून फिल्म निघूं लागल्यावर “इंदु” या नांवाचीं देशी रीळेंहि बाजारांत आलीं. तरी रीळ महाग, धुणावळ महाग, आणि छापणावळ त्याहून महाग. त्यामुळें एक रीळ कित्येक महिने पुरवावें लागे. नाताळच्या गोठ्यापुढें दोन, धाकट्याच्या बाप्तिस्म्याला तीन, शाळेच्या बक्षीस-समारंभाला एक, आणि मे महिन्यांत मामा-मावशांची मंडळी जमली म्हणजे उरलेले समुद्रावर. धुवून येईपर्यंत काय निघालें आणि काय फुकट गेलें हें कोणासहि ठाऊक नसे. पाकीट हातीं आलें म्हणजे सारें घर त्यावर तुटून पडे.

अशा हौशी कॅमेऱ्याचें सामर्थ्य केवढें असतें, हें दाखविणारें एका घरचें उदाहरण आपणां सर्वांस परिचित आहे. मात्र कॅमेऱ्याच्या बाजूनें त्याकडे आपण क्वचितच पाहतों. लिज्यूच्या संत तेरेजेचा चेहरा आज जगभर ओळखतात. तो आपल्यापर्यंत पोहोंचला तो मुख्यतः कोणा नामांकित छायाचित्रकारामुळें नव्हे, तर तिच्या बहिणीमुळें. सेलीन हिला चित्रकलेची व छायाचित्रणाची हौस होती. वडिलांच्या मृत्यूनंतर १८९४ च्या सप्टेंबरांत ती कार्मेल मठांत दाखल झाली, तेव्हां तिचा कॅमेराहि तिच्याबरोबर मठांत आला. तीनच वर्षांनीं, ३० सप्टेंबर १८९७ रोजीं, तेरेजा क्षयानें वारली. तेव्हां तिचें वय २४ वर्षांचें होतें. त्या तीन वर्षांत सेलीननें घेतलेल्या फोटोंत तेरेजा इतर भगिनींबरोबर कपडे धूत आहे, वाळलेलें गवत गोळा करीत आहे, मठांतलीं नित्याचीं कामें करीत आहे. ७ जून १८९७ रोजीं, दुखणें पुष्कळ बळावलेलें असतांना, ती बहिणीच्या कॅमेऱ्यासमोर कांहीं वेळ निश्चल राहिली. त्या फोटोंतील थकवा आजहि पाहणाराच्या काळजाला जाऊन भिडतो.

या कथेचा पुढचा भागहि ध्यानांत घेण्यासारखा आहे. तेरेजेच्या मृत्यूनंतर जीं चित्रें जगभर पसरलीं, तीं बहुतांशीं त्या फोटोंवर हात फिरवून मऊ केलेलीं व रंगवून गोड केलेलीं होतीं. तो हातहि सेलीनचाच होता, आणि त्यामागें बहिणीचें प्रेमच होतें. मूळ फोटो जसेच्या तसे पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाले ते १९६१ सालीं. तेव्हां लोकांना जी तेरेजा दिसली ती भरल्या गालांची, कणखर हनुवटीची, कामानें दमलेली अशी एक खरीखुरी तरुण मुलगी होती. आणि पुष्कळांना ती रंगविलेल्या तेरेजेपेक्षां अधिक जवळची वाटली. आज आपल्या हातांतल्या फोनमध्यें चेहरा गोरा करण्याचीं, सुरकुत्या पुसण्याचीं, पाठीमागचें घर बदलून बाग लावण्याचीं साधनें आलीं आहेत. त्यांचा खेळ जरूर करावा. परंतु आईच्या कपाळावरच्या सुरकुत्या पुसण्यापूर्वीं मूळ फोटो वेगळा राखून ठेवावा. नातवंडांना आजी पाहावयाची असेल तेव्हां त्यांना ती सुरकुत्यांसकटच हवी असेल.

आतां फोटो कशाकशाचे काढावेत याविषयीं थोडेंसें. बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकार, दृढीकरण, लग्न, लग्नाची पंचविशी आणि पन्नाशी हे आयुष्यांतले मैलाचे दगड होत. त्यांचे फोटो निघतात, आणि निघालेच पाहिजेत. परंतु मैलाचे दगड सर्वांच्या वाटेवर सारखेच असतात. पांढरा झगा, हातांत मेणबत्ती, केकवर सुरी. दोन दगडांच्या मधली वाट मात्र ज्याची त्याची असते, आणि ती पकडावयाची ती सहलींच्या, रविवारच्या व घरकामाच्या फोटोंतून. वसईच्या किल्ल्यांत पडक्या देवळाच्या कमानीखालीं बसून खाल्लेली शिदोरी, अर्नाळ्याच्या वाळूंत पाय पुरून बसलेलीं भावंडें, वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेंत पिपाणीसाठीं हटून बसलेला भाऊ, वेलंकनीच्या गाडींत एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोंपलेलीं माणसें. यांतला प्रत्येक फोटो दुसऱ्या कोणाच्या घरीं मिळावयाचा नाहीं.

गोव्यांत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचें दर्शन दर दहा वर्षांनीं भरतें. १९९४-९५, २००४-०५, २०१४-१५ आणि आतां २०२४-२५ असे चार सोहळे आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. ज्या घरीं या चारहि वेळचे फोटो असतील, त्यांनीं ते एका ओळींत मांडून पाहावेत. पहिल्यांत मध्यभागीं उभी असलेली आजी दुसऱ्यांत खुर्चीवर बसलेली असते, तिसऱ्यांत ती नसते. पहिल्यांत कडेवर असलेलें मूल चौथ्यांत आपलें मूल कडेवर घेऊन उभें असतें. कुटुंब म्हणजे काय, हें सांगण्यास आम्हांस याहून स्पष्ट चित्र सुचत नाहीं.

फोटोंत माणसांच्या मागें जें सहज येतें, त्यालाहि फार मोल आहे. काढणाराला तेव्हां त्याची किंमत नसते. पन्नास-साठ वर्षांपूर्वींच्या फोटोंत मुलाच्या मागें दिसणारा रहाट, पलीकडलें बावखल, केळीची बाग, पानवेलींचा मळा, कौलारू घराची पडवी हें आज पुष्कळ ठिकाणीं राहिलेलें नाहीं. मुलाचा फोटो म्हणून जो काढला, तो आतां गांवाचा फोटो झाला आहे. तेव्हां चेहरा ओळखूं येण्याइतका जवळ घेऊन एक फोटो काढावा, आणि मागचें घर, अंगण, झाड दिसेल असा दुसरा चार पावलें मागें सरून काढावा.

तरी कॅमेऱ्याला सर्व दिसतें असें नाहीं. आपल्या वसईच्या आजीबाईंचें लाल लुगडें आठवा. जुन्या काळच्या पुष्कळ फिल्मांना लाल रंग दिसतच नसे. म्हणून तर त्या फिल्मा तांबड्या दिव्याच्या उजेडांत धुतां येत. परिणाम असा कीं, त्या फोटोंत लाल लुगडें काळें निघालें आहे. परक्या माणसानें तो फोटो पाहिला तर ही बाई सुतकांत आहे असें तो समजेल. लुगडें लाल होतें, तें लग्नांत मिळालेलें होतें, आणि तें त्या दिवशीं मुद्दाम घडी मोडून नेसलें होतें, हें फोटो सांगूं शकत नाहीं. तें सांगणारें माणूस लागतें.

आणखी एका बाबतींत घरचे आल्बम आंधळे असतात. ज्याच्या हातांत कॅमेरा असतो तो फोटोंत नसतो. बापानें वीस वर्षें सर्वांचे फोटो काढलेले असतात, आणि त्याचा स्वतःचा फोटो शोधूं गेलें तर ओळखपत्रावरचा मिळतो. फार तर संध्याकाळच्या उन्हांत वाळूवर पडलेली त्याची लांब सांवली एखाद्या फोटोच्या खालच्या कडेला दिसते. तीच गत घरच्या सुनेची. पाहुण्यांचा फोटो निघतो तेव्हां ती चुलीपाशीं असते; तिला हांक मारली तर “माझा कशाला, मी अशी मळकी” म्हणून ती पदराला हात पुसत आंत जाते. श्रोतेहो, तिला बाहेर बोलवावें, आणि ती येत नसेल तर कॅमेरा घेऊन आपण चुलीपाशीं जावें. सहलींत एकदां तरी कॅमेरा मुलाच्या हातीं द्यावा. डोकीं कापलीं जातील, जमीन तिरपी येईल. परंतु त्या तिरप्या फोटोंत आईबाप एकत्र उभे असलेले सांपडतील.

आतां आम्ही मुख्य मुद्द्याकडे वळतों. महोत्सवानिमित्त सभागृहांत जुन्या फोटोंचें जें प्रदर्शन मांडलें आहे, त्यासाठीं घरोघरून आलेले फोटो आम्हीं आणि तरुण मंडळींनीं मिळून लावले. लावतांना प्रत्येक फोटो उलटून पाहिला. बहुतेक पाठकोरे. कांहींवर स्टुडिओचा शिक्का, कांहींवर नुसतें “मे महिना”, आणि एकावर सुवाच्य अक्षरांत “आम्ही सर्व”. हे “आम्ही” कोण, असें तो फोटो आणून देणाऱ्या नातीला विचारलें, तर तिला त्यांतलें एकच माणूस ओळखतां आलें.

त्याच प्रदर्शनांत प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकाराचा एक फोटो आहे. देवळाच्या पायऱ्यांवर तीन रांगांत उभीं असलेलीं पांढऱ्या पोषाखांतलीं मुलें. मागें कांहीं लिहिलेलें नाहीं. पहिल्या दोन दिवसांत येणाऱ्याजाणाऱ्यांनीं पुष्कळांना ओळखलें. पांच चेहरे तेवढे राहिले. तिसऱ्या दिवशीं ऐंशी पार केलेल्या एक आजी नातवाचा हात धरून आल्या. चष्मा पुसून त्यांनीं फोटो न्याहाळला आणि अगदीं कडेला उभ्या असलेल्या, डोक्यावरची जाळी एका अंगाला सरकलेल्या मुलीवर बोट ठेवलें. “ही आमची धाकटी,” एवढेंच त्या म्हणाल्या. ती मुलगी त्याच वर्षीं पावसाळ्यांत तापानें गेली होती. तिचा एकहि फोटो त्या घरांत नव्हता. हा फोटो जगांत आहे हेंहि त्यांना ठाऊक नव्हतें, कारण तो दुसऱ्याच एका घरच्या ट्रंकेंत पडून होता. आजीला एक धाकटी बहीण होती, हें नातवानें त्या क्षणीं प्रथमच ऐकलें. आतां त्या फोटोच्या मागें त्या मुलीचें नांव पेन्सिलीनें लिहिलेलें आहे. उरलेले चार चेहरे अद्याप तसेच आहेत. ते ओळखणारें कोणी आज या सभागृहांत बसलें असेल, तर त्यांनीं जातांना कृपा करून दोन मिनिटें तेथें थांबावें.

नांवानें फोटोंत किती फरक पडतो, याचें जगप्रसिद्ध उदाहरण एका हौशी छायाचित्रकाराच्याच हातचें आहे. आयर्लंडचे फ्रान्सिस ब्राउन हे पुढें येशूसंघाचे धर्मगुरु झाले; त्यांना पहिला कॅमेरा त्यांच्या बिशप चुलत्यांनीं दिला होता. गुरुदीक्षेपूर्वीं, १९१२ च्या एप्रिलांत, याच चुलत्यांनीं काढून दिलेल्या तिकिटावर त्यांनीं “टायटॅनिक” जहाजानें साउदॅम्प्टन ते क्वीन्सटाउन एवढाच प्रवास केला. वरिष्ठांच्या आज्ञेनें ते ११ एप्रिलला उतरले, आणि १५ एप्रिलला जहाज बुडालें. त्यांनीं जहाजावर घेतलेल्या फोटोंत डेकवर भोंवरा फिरविणारा एक लहान मुलगा आहे, आणि त्याच्याकडे पाहत त्याचा बाप उभा आहे. फोटो म्हणून पाहिला तर सहलीला निघालेल्या कोणत्याहि बापलेकाचा असावा असा. परंतु त्या मुलाचें नांव आपणांस माहीत आहे. तो सहा वर्षांचा रॉबर्ट डग्लस स्पेडन. जहाज बुडालें त्या रात्रीं तो आईबापांसह वांचला, आणि तीनच वर्षांनीं, १९१५ सालीं, मोटारीच्या अपघातांत गेला. नांव कळल्याबरोबर तो भोंवरा निराळाच दिसूं लागतो. फादर ब्राउन १९६० सालीं वारले. त्यांनीं जन्मभर काढलेल्या सुमारें ४२,००० फोटोंच्या फिल्मा एका पत्र्याच्या पेटींत पडून होत्या. त्या १९८५ सालीं दुसऱ्या एका येशूसंघीय धर्मगुरूच्या हातीं लागल्या. पंचवीस वर्षें पेटी कोणीं उघडली नाहीं, पण फेंकलीहि नाहीं, म्हणून तो ठेवा वांचला. आपल्या माळ्यावरच्या पेट्यांविषयीं एवढी सावधगिरी आपणहि बाळगावी.

आतां कांहीं व्यवहाराच्या सूचना. नांव लिहावयाचें तें मऊ पेन्सिलीनें, फोटोच्या पाठीवर अगदीं कडेला, हलक्या हातानें. बॉलपेनचा दाब समोरच्या बाजूस उमटतो आणि शाई पसरते. नव्या पद्धतीच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाहीं. अशा वेळीं वेगळी चिठ्ठी करून फोटोसह पाकिटांत ठेवावी. नांवें डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार लिहावींत. “बाय”, “आजा”, “मोठी मावशी” असें लिहून भागत नाहीं, कारण पन्नास वर्षांनीं वाचणाराला ती कोणाची मावशी हें कळावयाचें नाहीं. पूर्ण नांव, माहेरचें आडनांव, गांव आणि साल लिहावें. साल नक्की माहीत नसेल तर “थोरल्याच्या लग्नाच्या आधीं” असें लिहिलें तरी चालेल.

आपला पावसाळा फोटोंचा वैरी आहे. पेटी जमिनीवर वा ओल आलेल्या भिंतीशीं ठेवूं नये. चौकटीच्या कांचेला चिकटलेला फोटो ओढून काढूं नये, त्याचा वरचा थर कांचेवरच राहतो. आधीं आहे तसा त्याचा फोटो घ्यावा. चिकट पानांचे आणि प्लास्टिकच्या पडद्याचे आल्बम एके काळीं घरोघर आले. त्यांतला गोंद फोटो खातो, तेव्हां जे सहज निघतील ते काढून साध्या कागदी पाकिटांत ठेवावेत. त्या काळच्या रंगीत फोटोंतला निळसर रंग आधीं विरतो आणि सारे चेहरे तांबूस होत जातात. म्हणून त्यांच्या प्रती लवकर करून घ्याव्यात. प्रत करण्यास मोठें यंत्र नको. दिवसाउजेडीं पडवीच्या सांवलींत फोटो सपाट ठेवावा, फोन त्याच्या बरोबर वर धरावा, चकाकी येऊं देऊं नये. आणि पुढची बाजू झाली म्हणजे उलटून मागच्या बाजूचाहि फोटो घ्यावा.

कोणी म्हणेल, आतां फोन आला, दिवसाला शंभर फोटो निघतात, तारीख आपोआप पडते. मग ही चिंता कशाला? आमच्या मतें चिंता आतांच अधिक आहे. पूर्वींच्या ट्रंकेला वाळवी लागली तरी दहांतले चार फोटो उरत. आज फोन पाण्यांत पडला किंवा चोरीस गेला, आणि दुसरीकडे प्रत ठेवलेली नसली, तर दहा वर्षांचें आयुष्य एका घटकेंत जातें. तारीख पडते, पण नांव आपोआप पडत नाहीं. आणि दहा हजार फोटोंतून आजीचा एक फोटो तिच्या अंत्यविधीच्या आदल्या रात्रीं शोधणें किती कठीण असतें, याचा अनुभव या गांवांतल्या पुष्कळ घरांनीं घेतला आहे.

यावर आमची सूचना जुन्या रिळाचीच आहे. वर्षाला बारा. नाताळच्या सुट्टींत घरच्या मंडळींनीं एकत्र बसावें, वर्षभरांतल्या फोटोंतून बारा निवडावेत, ते कागदावर छापून घ्यावेत, आणि प्रत्येकाच्या मागें नांवें लिहावींत. त्यांत मैलाचे दगड असावेत आणि मधली वाटहि असावी. चुलीपाशींची आई असावी आणि कॅमेरावाला बापहि असावा. एक संच घरीं ठेवावा, दुसरा मुंबईला, आखातांत किंवा जेथें कोठें भावंड असेल तेथें पाठवावा. एका घराला आग लागली, पाणी शिरलें, तरी दुसऱ्या घरीं तो राहतो.

एक मर्यादाहि सांगितली पाहिजे. फोटो काढण्याच्या भरांत सोहळाच हरवूं नये. मूल वेदीपुढें उभें असतांना चाळीस हात फोन उंचावून मध्यें येतात, आणि मागच्या बांकावरच्या आजीला आपलें नातवंड दिसत नाहीं. एकानें काढावा, इतरांनीं पाहावें, आणि मग त्यानें तो सर्वांना द्यावा. दुःखाच्या प्रसंगीं घरच्यांना विचारल्यावांचून कॅमेरा काढूं नये, आणि नको म्हटलें तर तो खिशांत ठेवावा.

बंधुभगिनींनो, धर्मग्रामाची ज्युबिली म्हणजे घराघरांतल्या पिढ्यांची बेरीज आहे. ती बेरीज मांडावयाची तर आंकड्यांच्या जागीं नांवें लागतात, आणि तीं आज ज्यांच्या तोंडीं आहेत ते आपल्यांतच, बहुधा पुढच्या रांगेंतल्या खुर्च्यांवर बसलेले आहेत. येत्या रविवारीं दुपारचीं जेवणें झाल्यावर ट्रंक उघडावी, घरांतल्या सर्वांत वडील माणसाच्या हातीं एकेक फोटो द्यावा, आणि जवळ टोंक केलेली पेन्सिल घेऊन बसावें. एक दुपार पुरणार नाहीं. तेव्हां दुसऱ्या रविवारींहि बसावें.